साठ हजारांतली कार्बनची चाकं

सायकलला कार्बनची चाकं घ्यायचं मनात आल्यावर मी आधी जुनी तोलली. टायर, ट्यूब, कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा गठ्ठा), डिस्क ब्रेकचे रोटर सगळं उतरवून, प्रवासाची बॅग तोलायचा हूकवाला काटा असतो त्याला एकेक चाक लटकवलं. दोन्ही मिळून १,९५० ग्रॅमच्या आसपास भरली. मधल्या किमतीच्या रोड बाइकसोबत येणारी अल्युमिनियमची चाकं साधारण एवढीच असतात, त्यात नवल नाही. पण आपला आकडा आपल्याकडे असला की समोरचा "चारशे-पाचशे ग्रॅम वाचतील ताई" म्हणतो तेव्हा त्या चारशे-पाचशे ग्रॅमचं करायचं काय, हे त्याला विचारता येतं.

तर तो हिशेब आधीच सांगून टाकते. माझं वजन ५८ किलो. सायकल, बाटल्या, बूट, हेल्मेट धरून सगळं ७० च्या घरात. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे १,४८० ग्रॅमची चाकं घेतली तर ४७० ग्रॅम वाचतात, म्हणजे एकूण वजनाच्या पाऊण टक्क्यापेक्षाही कमी. ठाण्यातल्या येऊरचा चढ पंधरा मिनिटांचा धरला, तर तेवढीच ताकद लावून वाचणारा वेळ सहा सेकंद. वरच्या टपरीवर चहाचे पैसे आल्याचा आवाज यूपीआयच्या डब्यातून यायला याहून जास्त वेळ लागतो. "रिमवरचं वजन दुप्पट मोजायचं असतं" असंही कोणी ना कोणी सांगतंच. ते वेग वाढवताना खरं आहे, तेही जास्तीत जास्त दुपटीपर्यंत. एका लयीत चढताना किंवा सपाट रस्त्यावर चालवताना चाकावरचा ग्रॅम आणि बाटलीतला ग्रॅम सारखाच.

वाऱ्याचंही तेच. उंच रिममुळे अमुक वॉट वाचतात असे आकडे दिले जातात ते बहुतेक ताशी ४५ किलोमीटरच्या चाचणीतले असतात. हवेला कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. म्हणजे ४५ ला १० वॉट वाचत असतील तर ३० ला वाचतात तीनच. नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर एकटीने ३० टिकवणं हे माझ्यासाठी चांगल्या दिवसाचं लक्षण, ४५ चा प्रश्नच नाही. उलट सायकलसोबत आलेले जाड, कडक टायर काढून चांगले मऊ टायर घातले, तर दोन्ही मिळून १० वॉटच्या वर फरक पडतो, आणि तो माझ्या वेगालाही पडतो. ज्यांना फक्त वेग हवाय त्यांनी टायर घ्यावेत आणि इथेच वाचन थांबवावं. मी गंमत करत नाहीये.

मला मात्र चाकं हवी होती. एक तर हौस, आणि हौसेला मोल नसतं म्हणतात ते दुकानदारांना चांगलं ठाऊक आहे. दुसरं कारण जरा शहाण्यासारखं होतं. जुन्या रिमची आतली रुंदी १७ मिलिमीटर, त्यावर २८ चा टायर अगदीच फुगीर बसायचा. आणि मागचा हब, म्हणजे चाकाचा मधला बेअरिंगवाला तुंबा, कुरकुरायला लागला होता. दोन्ही कामं करायचीच होती, तर बोनसमधून ६० हजार बाजूला काढले आणि ठरवलं, टायरपासून रिमच्या आत चिकटवायच्या टेपपर्यंत सगळं यातच बसलं पाहिजे.

त्या कुरकुरणाऱ्या हबमुळे सगळ्या निवडीची दिशा बदलली. नौपाड्यात आमचे एक मेकॅनिक दादा आहेत. त्यांच्याकडे चाक नेलं आणि मोबाइलवर शॉर्टलिस्ट केलेली चाकं दाखवली. त्यांनी मोबाइलकडे नीट पाहिलंही नाही. टोपण काढून फ्रीहब, म्हणजे कॅसेट ज्यावर बसते तो हबचा भाग, कॅसेटसकट ओढून काढला आणि माझ्यासमोर उलटा धरला. आत तीन पॉल असतात, पेडल मारलं की दात्यात अडकणाऱ्या बारीक चिमट्या. त्यांच्याभोवती ग्रीस कधीकाळी असावं. आता होता तो काळा, वाळूमिश्रित लगदा. घोडबंदर रोडवर मेट्रोच्या कामाची धूळ आणि त्यावर पावसाचं पाणी, दोन्हींचं मिळून झालेलं. एक पॉल दाबला तर तो सावकाश, आळस दिल्यासारखा वर आला. बेअरिंगमध्ये बोट घालून फिरवलं तर खरखर थेट नखापर्यंत जाणवली.

"ताई, रिमचं नंतर बघू. हे बेअरिंग कुठलं ते सांगा."

त्यांनी चिंधीने सील पुसलं. वर बारीक अक्षरांत ६९०२ होतं. १५ चा आतला व्यास, २८ चा बाहेरचा, ७ ची जाडी. "हे नागदेवीला कुठल्याही दुकानात मिळतं. सायकलवाला नको की काही नको. तुम्ही जे घेणार त्यात असलंच काहीतरी पाहिजे. भारी हब घ्याल आणि बेअरिंगसाठी तायवानला पत्र लिहीत बसाल, तर मला नका सांगू."

मग मी शॉर्टलिस्ट रिमच्या बाजूने वाचायची सोडून हबच्या बाजूने वाचायला लागले, आणि निम्मी नावं आपोआप गळाली. किती विक्रेते रिमची उंची मिलिमीटरमध्ये, वजन ग्रॅममध्ये सांगतात आणि हबबद्दल नुसतं 'हाय क्वालिटी सील्ड बेअरिंग' लिहून मोकळे होतात, ते पाहण्यासारखं आहे. ज्यांनी बेअरिंगचे नंबर लिहिले नव्हते त्यांना मेल टाकली. उत्तर आलं ते राहिले. डीटी स्विस ३५० हा नावाजलेला हब माझ्या बजेटमध्ये बसणार नव्हता. तो घालून मिळणारी चाकं सरळ पुढच्या खणात जातात. पण त्याच धर्तीचे, पॉलऐवजी दोन दातेरी चकत्या समोरासमोर बसणारे रॅचेट हब आता स्वस्त चाकांतही येतात. फायदा आमच्यासारख्या चिखलातल्या माणसांना आहे. उघडायला हत्यार लागत नाही, चकत्या पुसायच्या, नवं ग्रीस लावायचं, परत दाबून बसवायचं. घरी, जुन्या वर्तमानपत्रावर होतं.

फ्रीहबच्या बॉडीचीही एक गोष्ट पाहून घ्यावी. हलकी म्हणून ती अल्युमिनियमची असते, आणि स्टीलची कॅसेट तिच्यात हळूहळू खाचा पाडते. मग कॅसेट काढताना दादांचे दंड आणि आपला जीव, दोघांची परीक्षा. काही बॉडींवर एका खाचेत स्टीलची पट्टी बसवलेली असते. मला ती हवी होती. माझ्या सायकलचे गिअर शिमानोचे, ११ स्पीडचे, त्यामुळे त्यांना बसणारी एचजी बॉडी लागणार होती. उद्या १२ स्पीड शिमानो घेतलं तरी ती चालते. स्रॅम या दुसऱ्या गिअर कंपनीच्या १० दात्यांपासून सुरू होणाऱ्या कॅसेटला मात्र एक्सडीआर बॉडी लागते. ऑर्डर देताना हा पर्याय चुकीचा टिकला गेला की चाक घरी येतं आणि कॅसेट हातात राहते.

स्पोकच्या बाबतीत मी जुन्या वळणाची निघाले. कार्बनचे स्पोक आता स्वस्त चाकांतही आलेत, हलके आहेत, दिसतातही झकास. पण जव्हारच्या रस्त्यावर एक तुटला तर त्या लांबीचा, त्याच कंपनीचा स्पोक कुठून आणायचा? मी स्टीलचे चपटे, डोक्याशी वाकवलेले मागितले. पिलर किंवा सॅपिमचे असे स्पोक निदान मागवता येतात. निपल, म्हणजे स्पोक रिमला धरून ताणणारी छोटी नट, रिमच्या बाहेर दिसणारी हवी. आत लपवलेली निपल वाऱ्यासाठी बरी म्हणतात, पण मग चाकाचा जरासा आउट काढायचा तरी टायर उतरवा, टेप सोलून काढा, ट्यूबलेस टायरमध्ये भोकं बुजवायला ओततात ते सीलंट सांडा. तीन वॉटमधला किती भाग त्यातून येतो देव जाणे. आणि चाकांसोबत प्रत्येक लांबीचे दोन-दोन स्पोक जास्तीचे, हे बिलातच लिहून घेतलं.

आता हुकचं प्रकरण, कारण वादही त्यावरच जास्त आहेत. नेहमीच्या रिमच्या कडेला आतून बारीक वळण असतं, त्यात टायरची कड अडकते. हुकलेस रिममध्ये ती कड सरळ उभी. साचा सोपा, बनवायला स्वस्त, आणि कडेला माल जास्त असल्याने खड्ड्यात ती कमी फुटते असं बनवणारे सांगतात. त्यात तथ्य असेलही. पण त्यावर ५ बारच्या, म्हणजे ७२.५ पीएसआयच्या वर हवा भरायची नाही असा नियम आहे, आणि टायरही हुकलेसला चालणाराच हवा. उदाहरणार्थ कॉन्टिनेंटलचा जीपी ५००० एस टीआर चालतो, त्याचाच साधा ट्यूबवाला भाऊ जीपी ५००० चालत नाही. दुकानात दोन्ही शेजारी-शेजारी टांगलेले असतात.

फेब्रुवारी २०२४ मध्ये यूएई टूर या शर्यतीत बेल्जियमचा सायकलपटू थॉमस डी गेंड्ट पडला तेव्हा त्याचा पुढचा टायर रिमवरून पूर्ण सुटलेला होता. दगडावर चाक आपटल्याचं कारण पुढे आलं, पण हुकलेसवरची भांडणं त्यानंतर पेटली ती पेटलीच. माझ्या वजनाला ५५ च्या आसपास हवा पुरते, त्यामुळे ७२ ची मर्यादा मला आड येत नव्हती. ऐंशी-नव्वद किलोच्या आणि २५ चे टायर वापरणाऱ्या माणसाला ती नक्की येईल. माझा विचार वेगळाच होता. शहापूरच्या पुढे टायर फाटला आणि तिथल्या दुकानात जो मिळेल तो घालून घरी यायचं झालं, तर हुकवाल्या रिमला फार चौकशी लागत नाही. म्हणून हुक. आतली रुंदी २१, बाहेरची २८.

रुंदीतही एक मेख आहे. टायरवर २८ लिहिलेलं असतं ते ठरावीक रुंदीच्या रिमवर. रिम रुंद झाली की टायर पसरतो. माझे २८ चे टायर नव्या रिमवर व्हर्नियरने मोजले तर २९ च्या वर भरले. माझ्या फ्रेममध्ये ३२ पर्यंत जागा आहे, म्हणून निभावलं. जुन्या फ्रेम, ज्यांत २५ चाच टायर कसाबसा जातो, त्यांनी चाक घेण्याआधी फॉर्कमध्ये बोट घालून जागा बघावी.

याच दरम्यान कळव्याचा भाचा घरी आला. त्याची सायकल रिम ब्रेकची. "मावशी, तू घेशील त्याच दुकानातून मलाही एक जोडी सांग ना." त्याला मी चक्क नाही म्हटलं. रिम ब्रेकमध्ये सगळी उष्णता रिमवरच निघते. कार्बनचे धागे धरून ठेवणारं रेझिन ठरावीक तापमानाच्या पुढे मऊ पडतं, आणि स्वस्त चाकात ते कोणतं वापरलंय हे आपल्याला बाहेरून कळत नाही. येऊर उतरताना काही होणार नाही. माळशेज उतरताना, पुढे एसटी, मागे ट्रक आणि ब्रेक सतत दाबलेला, तेव्हा होऊ शकतं. शिवाय पावसात कार्बनवर ब्रेक उशिरा लागतो आणि पॅडही खास त्यासाठीचे घ्यावे लागतात. त्याच पैशात अर्ध्याहून कमी किमतीची चांगली अल्युमिनियमची चाकं आणि उरलेल्यात टायर, असं त्याला लिहून दिलं. तोंड वाकडं करून गेला, पण घेतली तीच.

रिमची उंची हा माझ्यासाठी खरा प्रश्न वाऱ्यामुळे होता. ओळखीतल्या एकाची ५० मिलिमीटरची चाकं मी मागून घेतली आणि उन्हाळ्यातल्या एका दुपारी पाम बीच रोडवर फिरले. सकाळी सहाला तिथे पान हलत नाही, त्या वेळी चाचणी घेण्यात अर्थ नव्हता. दुपारी पश्चिमेकडून वारा सुटतो आणि इमारतींची रांग संपून मोकळी जागा आली की एकदम बाजूने लागतो. मागचं चाक काही म्हणत नाही. पुढचं हँडल ओढतं. ८० किलोचा माणूस ते सहज दाबून धरतो, माझं दोन्ही हातांचं लक्ष तिकडेच. ऐरोलीच्या पुलावर तर एक डंपर शेजारून गेला तेव्हा आधी आत ओढलं आणि मग बाहेर फेकलं. घरी आले ती ४० च्या वर जायचं नाही हे ठरवूनच. पुढे ३५ आणि मागे ५० अशी जोडीही मिळते, हलक्या माणसांसाठी ती वाईट नाही. पण माझ्या बजेटात ती चांगल्या हबसकट मिळत नव्हती.

मग उरला प्रश्न कुठून घ्यायची. जुनी घेण्याचा मार्ग आधी तपासला. सीवूड्समध्ये एकाकडे दोन वर्षं वापरलेली जोडी होती, भाव निम्मा. मी टॉर्च आणि नाणं घेऊन गेले. टायर उतरवायला लावला, टेप सोलली, आतून एकेक स्पोकच्या भोकाभोवती टॉर्च मारला. तिथे केसासारखी चीर सुरू होते. मग नाण्याने रिमवर बोटभर अंतराने टकटक करत गेले. सगळीकडे खणखणीत आवाज आणि व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूला दोन बोटं जागा बद्द, अगदी बाजारात टिचकी मारून मडकं घेतो तसं. बाहेरून रंगही उडाला नव्हता. मालक म्हणाले, "तिथे स्टिकर आहे म्हणून." स्टिकर दोन्ही बाजूंना होता, बद्द एकीकडेच वाजत होतं. त्यांचा चहा घेतला आणि परत आले.

अलीएक्सप्रेस भारतात नोव्हेंबर २०२० पासून बंद आहे. त्यामुळे चीनमधून घ्यायचं तर विनस्पेस, एलिटव्हील्स, श्यामेनची लाइट बायसिकल अशा कंपन्यांच्या स्वतःच्या साइटवरून. माझ्या मापाची जोडी एकीकडे ४३० डॉलरला होती, पाठवणीचे ६० वेगळे. डॉलर तेव्हा ८५ च्या घरात, म्हणजे ४१ हजार ६५०. ऐकायला छान. पण कस्टमची ड्यूटी मालाच्या किमतीवर नाही, पाठवणी आणि विमा धरून लागते. आयजीएसटी त्या सगळ्यावर अधिक ड्यूटीवर. आणि वर कुरिअरवाल्याचा हाताळणीचा आकार. चाकं दारात येईपर्यंत आकडा पन्नाशी ओलांडत होता. त्याच दर्जाची, तसाच रॅचेट हब असलेली जोडी नवी मुंबईतला एक विक्रेता पक्क्या बिलासकट ४८ हजार ५०० ला देत होता.

किमतीपेक्षाही मला वॉरंटीने ओढलं. चीनच्या कंपन्या वॉरंटी देतात, काही तर खड्ड्यात फुटलेली रिमही कमी भावात बदलून देतात. पण चाक परत पाठवायचा खर्च आपला, आणि बदली चाक येताना पुन्हा कस्टमची कटकट. गायमुखच्या घाटातून रोज जाणाऱ्या माणसाने वॉरंटी वापरावी लागणार नाही असं धरून चालू नये. विक्रेत्याला मी एवढंच विचारलं, "रिम फुटली तर तुमच्याकडे सुटी रिम आहे का?" त्याने आत जाऊन तीच रिम, स्पोकशिवाय, आणून टेबलावर ठेवली. मी पैसे भरले.

चाकं घरी आल्यावर तोलली. १,५०५. सहा सेकंदांतलेही थोडे गेले. दादांकडे नेली. त्यांनी एकेक चाक स्टँडवर चढवून फिरवलं, कानाजवळ नेऊन स्पोक बोटाने छेडत गेले. मागच्या चाकात कॅसेटच्या बाजूचे स्पोक जास्त ताणलेले असतात, त्यामुळे दोन बाजूंचे सूर वेगळे लागतात, पण एका बाजूचे आपापसात जुळायला हवेत. एक ढिला निघाला. टेन्शन मीटर लावून पाव फेरी दिली. रोटर जुनेच बसवले, सेंटरलॉक असल्याने कॅसेटच्याच हत्याराने निघतात आणि बसतात.

ट्यूबलेस टायर हाताच्या पंपाने काही केल्या बसेना, हवा एका बाजूने भसाभस बाहेर. दादांनी व्हॉल्व्हचा गाभा काढला, कडांना साबणाचं पाणी लावलं आणि कॉम्प्रेसर दिला. टक्, टक्, असे दोन आवाज आले आणि रिमच्या कडेने टायरवरची बारीक रेघ सगळीकडे सारखी दिसायला लागली. मग सीलंट. आपल्याकडच्या उकाड्यात ते दोन-तीन महिन्यांत वाळतं, बाटलीवर काहीही लिहिलेलं असो. टायर ९ हजार ८००, टेप, व्हॉल्व्ह आणि सीलंट मिळून १ हजार ६००. बेरीज ५९ हजार ९००.

चालवायला कशी आहेत? पुढे ५२ आणि मागे ५६ हवा ठेवते, पेव्हर ब्लॉकवर हात बधिर व्हायचे ते थांबलं. त्याचं श्रेय मी रिमच्या रुंदीला आणि टायरला देते, कार्बनला नाही. कार्बनचं म्हणावं तर सिग्नलवरून निघताना सायकल जरा चटकन उचलते असं वाटतं, आणि आवाज वेगळा येतो, पोकळ, घुमल्यासारखा. तो आवाज मला आवडतो. त्याचे पैसे मोजलेत हे मला माहीत आहे.

जून ते सप्टेंबर जुनी चाकं. त्यांचा हब दादांनी नवी बेअरिंग टाकून उभा केलाय. दोन जोड्या आलटून पालटून वापरायच्या तर एक किरकिर आहे. दोन हबांत रोटर अर्ध्या मिलिमीटरने इकडेतिकडे बसतो आणि चाक बदललं की ब्रेक घासायला लागतो. रोटरच्या मागे पातळ चकती घालून दोन्ही जोड्या एका पातळीत आणता येतात, त्या आणल्या. दर वेळी कॅसेट काढून घालायची नसेल तर दुसरी कॅसेट लागेल, तिचे साडेचार हजार अजून खर्ची टाकलेले नाहीत.